केवडियाची जंगल सफारी, आमच्या आई आणि मुलाचा पोपटाचा हट्ट

मांजलपूरकर | रविवार, रात्री १०.५०

मंडळी, नुकतेच केवडियाहून परतलोय. मुलं झोपली आहेत, पाय ठणकताहेत, पण हे आजच लिहिलं नाही तर राहून जाईल. शिवाय शेवटी एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला उद्या कुणाला तरी द्यायचंय.

आम्ही पाच जण होतो. मी, हे, मोठा मुलगा (९), धाकटी (५) आणि सासूबाई. त्यांना घरात सगळे आईच म्हणतात. आईंचं वय ७६, दोन्ही गुडघे दुखरे, त्यामुळे त्यांना न्यावं की नाही यावर आठवडाभर चर्चा चालली होती. ‘सरदार पटेलांचा पुतळा पाहून झालाय माझा, जिराफ पाहायचा राहिलाय,’ असं त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

मुलाला रेल्वेनेच जायचं होतं, म्हणून बडोद्याच्या प्रतापनगर स्टेशनवरून मेमू (लोकल) धरली. डभोई आल्यावर आईंनी मुलांना जवळ ओढलं आणि सांगायला लागल्या, की गायकवाड सरकारची छोटी (अरुंद रुळांची) गाडी इथून १८६२ साली मियागामकडे धावली, तेव्हा सुरुवातीला डबे ओढायला बैल होते. मुलं खिडकीतून बैल शोधत बसली. आताची मोठी लाइन थेट एकतानगरपर्यंत, म्हणजे केवडियापर्यंत जाते, २०२१ च्या जानेवारीत सुरू झाली. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर कारने नव्वद किलोमीटर जाण्यापेक्षा हे मला बरं वाटलं. पाय मोकळे राहतात.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ‘जंगल सफारी’ या नावाने फसू नका. जीपमध्ये बसून वाघ शोधायचा, असा हा प्रकार नाही. हे प्राणिसंग्रहालय आहे, ३७५ एकरांचं, डोंगराच्या उतारावर सात टप्प्यांत वसवलेलं. पायथा २९ मीटर उंचीवर आणि माथा १८० मीटरवर, म्हणजे चढ आहे आणि तो जाणवतो. आईंसाठी बॅटरीची गाडी घेतली, आम्ही बरंचसं चाललो. सोमवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा.

जिराफापाशी आम्ही अर्धा तास होतो. त्याने वर टांगलेल्या पाल्याकडे जीभ लांबवली. काळसर जांभळी, हातभर लांब जीभ पाहून धाकटी माझ्यामागे लपली. तिथल्या एका रखवालदार भाऊंनी मुलाला विचारलं, ‘याच्या मानेत किती मणके असतील?’ तो म्हणाला पन्नास. भाऊ म्हणाले सात, तुझ्या मानेत आहेत तेवढेच. त्यानंतर दिवसभर तो स्वतःची मान चाचपत होता.

अल्पाका आणि लामा यांत आमचा गोंधळ उडाला. ही दोन्ही दक्षिण अमेरिकेतली, उंटाच्या कुळातली. कानांवरून ओळखायची: लामाचे कान लांब, केळ्यासारखे आत वळलेले, अल्पाकाचे आखूड आणि सरळ. वॉलबी म्हणजे कांगारूचं धाकटं भावंड, पोटाला पिशवी. ‘आपल्याकडे पिशवीवाला एकही प्राणी का नाही?’ असं मुलाने विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. कुणी सांगेल का?

एक गोष्ट फार खटकली. हरणांच्या जाळीशी सात-आठ जणांचा घोळका हातांनी जाळी बडवत होता, शिट्ट्या मारत होता, हरणांनी पळावं म्हणून. ह्यांनी जाऊन थांबायला सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण रागाने पाहत गेले.

आता मुख्य गोष्ट. परदेशी पक्ष्यांचा एक भलामोठा घुमट आहे आणि आपण त्याच्या आतून चालतो. पक्षी डोक्यावरून जातात. मकावांची (मोठ्या परदेशी पोपटांची) जोडी, निळी-पिवळी, या टोकाच्या झाडावरून त्या टोकाला गेली, वळली, परत आली. पंखांचा आवाज ऐकू येत होता. आई बाकावर बसून बघत होत्या. मी पाण्याची बाटली द्यायला गेले तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

त्यांचं माहेर दांडिया बाजारातल्या वाड्यातलं. वाड्यात एक मिठू होता, पितळी पिंजऱ्यात, ओसरीवर टांगलेला. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला पोपटांचे थवे ओरडत वाड्यावरून कमाटी बागेकडे जायचे. त्या वेळी मिठू दांडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत भराभर सरकायचा, मान वरखाली करायचा, पंख अर्धे उघडायचा. वाड्यातली पोरं टाळ्या वाजवायची. पाहुणे आले की मुद्दाम पाचपर्यंत थांबवायचे, ‘आमच्या मिठूचा नाच बघून जा’ म्हणून. आईच सगळ्यांना बोलावून आणायच्या.

घुमटात मकाव वळून परत आले तेव्हा आई मला म्हणाल्या, ‘तो नाचत नव्हता गं. त्याला त्यांच्याबरोबर जायचं होतं.’

एवढंच बोलल्या. सत्तर वर्षं होत आली त्या गोष्टीला.

मग आम्ही प्राण्यांना हात लावू देतात त्या भागात गेलो. ससे, गिनी पिग, छोट्या शेळ्या, टर्की. तिथे मकाव आणि काकाकुवा पण होते. मुलाने एका मकावाच्या पाठीला बोट लावलं आणि दिवसभराचा जिराफ विसरला. परतीच्या गाडीत एकच धोशा: मला पण पोपट हवा. आणि नेमके ह्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, ते सन कॉन्युअरची जोडी देतो म्हणाले. पिवळे-केशरी, फार देखणे. ‘हे परदेशी आहेत, याला काही कायदा लागत नाही’ असंही म्हणाले. उद्या त्यांना हो-नाही कळवायचंय. हे अर्धे तयार आहेत. मुलगा देव पाण्यात घालून बसलाय. आई काही बोलत नाहीत.

ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लिहा. कायद्याचं आणि पक्ष्याचं, दोन्ही.

---

सूरसागर | रविवार, रात्री ११.१५

वाचून बराच वेळ गप्प बसलो. आमच्याही वाड्यात (रावपुरा) मिठू होता. तोही ‘नाचायचा’.

---

रानवाट | रविवार, रात्री ११.४०

ताई, उद्या उत्तर द्यायचंय म्हणता म्हणून आधी कायद्याचं लिहितो. मी वनखात्यात नाही, पण बडोद्यात पक्षी-प्राणी सोडवण्याच्या कामात वीस वर्षं आहे.

आपला हिरवा पोपट, लाल कंठवाला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. घरोघरी दिसतो म्हणून लोकांना हे खरं वाटत नाही.

‘परदेशी पक्ष्याला कायदा नाही’ हे बरीच वर्षं चालत आलेलं वाक्य आहे. आता ते खोटं आहे. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांसाठी वेगळी चौथी अनुसूची आली. सन कॉन्युअर त्या यादीत आहे, मकाव आहे, काकाकुवा आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला नियम आले. असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने परिवेश या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करायची. जुन्या मालकांना सहा महिने दिले होते. नंतर ज्याच्या हाती पक्षी येईल त्याला तीस दिवस. पक्षी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, पक्षी मेला, हेसुद्धा कळवायचं.

त्या गृहस्थांना एकच विचारा: तुमच्या नोंदणीचा कागद दाखवता का? कागद नसेल तर पुढे बोलायचं कारणच नाही.

---

मांजलपूरकर | रविवार, रात्री ११.५५

रानवाट, मनापासून आभार. यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. बजरीगरांनाही (ते छोटे पाळीव पोपट) हे लागू आहे का? शेजारच्यांकडे आहेत, त्यांना उगीच काळजी नको.

---

रानवाट | सोमवार, रात्री १२.०५

नाही. बजरीगर आणि कॉकाटील त्या यादीत नाहीत.

---

निळीशाई | सोमवार, सकाळी ७.२०

पिशवीवाल्या प्राण्यांबद्दल लिहिते. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मला फार आवडतो.

पिशवीवाले प्राणी आज मुख्यतः ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि अमेरिका खंडात आहेत. अमेरिकेतून ते अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियात पोचले. त्या काळी हे भूभाग एकमेकांना जोडलेले होते आणि अंटार्क्टिकावर जंगल होतं. भारत त्याआधीच तिथून सुटून उत्तरेकडे निघाला होता. पुढे ऑस्ट्रेलियाही वेगळा झाला आणि कांगारू-वॉलबी तिथेच अडकून वाढले. मुलाला नकाशाचे तुकडे कापून जोडायला द्या. माझ्या वर्गात सगळ्यात शांत तास तोच असतो.

आणि लामा-अल्पाका उंटाच्या कुळातले, यावर त्याला अजून एक गंमत सांगा. उंटांचं कूळ मुळात उत्तर अमेरिकेत जन्मलं. काही दक्षिणेला गेले, त्यांचे लामा झाले. काही आशियात आले, त्यांचे उंट झाले. आणि मूळ गावी आज एकही उरला नाही.

---

प्रतापनगर_यार्ड | सोमवार, सकाळी ८.१०

रेल्वेने गेलात हे फार छान केलंत. छोटी गाडी बंद झाली तेव्हा आमच्या वडिलांनी दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं. आईंना माझा नमस्कार सांगा. बैलांची गोष्ट आता फार कमी जणांना ठाऊक आहे.

जाळी बडवणाऱ्या लोकांबद्दल रानवाट यांनी लिहावं.

---

रानवाट | सोमवार, सकाळी ९.३०

लिहितो, कारण ते त्याच जागेशी जोडलेलं आहे.

जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला शूलपाणेश्वरच्या जंगलातला एक बिबट्या कुंपण ओलांडून केवडियाच्या या सफारीत शिरला. त्याने मारलं एकच काळवीट. पण आणखी सात काळविटं धक्क्याने मेली. बिबट्याने त्यांना स्पर्शही केला नव्हता.

हरणाचं शरीर धोका दिसला की एका क्षणात सगळी ताकद स्नायूंत ओततं. धावायला जागा असेल तर ती खर्च होते. जागा नसेल, पळून जाता येत नसेल, तर तेच स्नायू आतून फाटायला लागतात, त्यांतलं विष रक्तात उतरतं, मूत्रपिंड आणि हृदय बंद पडतं. कधी लगेच, कधी दोन-तीन दिवसांनी. म्हणून आम्ही हरीण सोडवताना त्याचे डोळे आधी झाकतो आणि एक शब्द बोलत नाही.

जाळी बडवणाऱ्याला वाटतं हरीण पळालं, मजा आली. तुमच्या यजमानांनी त्यांना थांबवलं, त्यांना माझा मनापासून नमस्कार.

---

अकोटा_पूल | सोमवार, सकाळी ११.००

मी थोडं वेगळं मत मांडतो. मला केवडियाला जाऊन वाईट वाटलं. जिराफ आफ्रिकेचा, अल्पाका अँडीजच्या थंडीतला, आणि इथे मे महिन्यात पारा ४२ ला जातो. सावली, फवारे, पंखे सगळं केलेलं असतं, मान्य. तरी मनाला पटत नाही. आपल्याकडे पाहण्यासारखं काय कमी आहे? विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात शेकडो मगरी राहतात. इतक्या मोठ्या शहराच्या पोटात असं दुसरीकडे कुठे आहे? ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या अकोट्यात एका छपरावर मगर बसली होती, सगळ्या देशाने तो फोटो पाहिला. त्या तीन दिवसांत वनखातं आणि स्वयंसेवकांनी वस्त्यांमधून दोन डझन मगरी उचलल्या. पोरांना त्या दाखवा.

---

दांडियाबाजार | सोमवार, दुपारी १२.३०

अकोटा_पूल, तुमच्या भावना समजतात. पण ७६ वर्षांच्या बाईने जन्मात पहिल्यांदा जिराफ पाहिला, याचं मोल मी कमी मानणार नाही. सयाजीरावांनी कमाटी बाग १८७९ च्या ८ जानेवारीला लोकांसाठी खुली केली, तीही ज्यांना दूरचं जग पाहायला मिळणार नाही त्यांना ते इथे दिसावं, याच विचाराने असेल असं मला वाटतं. बागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे, मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला. मी सहा वर्षांची असताना त्याच्या खाली उभी राहिले होते. समुद्र मी त्यानंतर वीस वर्षांनी पाहिला, पण तो केवढा असेल हे मला तेव्हाच कळलं होतं.

---

अकोटा_पूल | सोमवार, दुपारी १.०५

ताई, हे मान्य. देवमाशाच्या सांगाड्याला मात्र ऊन लागत नाही, एवढंच म्हणतो.

---

दांडियाबाजार | सोमवार, दुपारी १.२०

तेही खरं आहे.

---

कॉन्युअरवाला_माजी | सोमवार, दुपारी ३.४५

मी वाचक आहे, सहसा लिहीत नाही. पण मांजलपूरकर ताईंनी विचारलं म्हणून लिहितो.

माझ्याकडे चार वर्षं एक सन कॉन्युअर होता. हातावर बसायचा, माझ्या ताटातलं डाळिंब खायचा, मी ऑफिसला निघालो की ओरडायचा. ओरडायचा म्हणजे तीन मजले ऐकू जाईल असं. सोसायटीत तक्रारी झाल्या. मी पिंजऱ्यावर चादर टाकायला लागलो. दुसऱ्या वर्षी त्याने छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, आजार नाही, एकटेपणा आहे. हे पक्षी थव्याने राहतात, एकटा पक्षी त्यांच्यात नसतोच. मी दहा तास बाहेर. त्याचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचं.

शेवटी ज्यांच्याकडे मोठा बंदिस्त आवार आणि बाकीचे कॉन्युअर होते अशा एका माणसाकडे त्याला दिला. पहिल्या दिवशी तो कोपऱ्यात बसून राहिला. एका महिन्याने गेलो तेव्हा दुसऱ्या एका पक्ष्याची मान खाजवून देत होता. माझ्याकडे आला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, हे मी स्वतःलाही सांगत असतो.

ताई, तो पक्षी देखणा आहे, प्रेमळ आहे. म्हणूनच आणू नका. दक्षिण अमेरिकेत, गयाना आणि उत्तर ब्राझीलच्या बाजूला, त्याच्या मूळ रानात आता फार थोडे उरलेत. पिंजऱ्यांसाठी पकडून पकडून संपत आले. आपल्याकडे विकतात ते बहुतेक पिंजऱ्यातच जन्मलेले असतात, पण मागणी वाढली की पकडणंही वाढतं.

---

सूरसागर | सोमवार, संध्याकाळी ५.१०

तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

---

रानवाट | सोमवार, संध्याकाळी ५.३०

आपल्या हिरव्या पोपटाबद्दल एक राहिलं. तो ढोलीत घरटं करतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्लं असतात, तेव्हा चोर झाडावर चढून पंख न फुटलेली पिल्लं काढतात आणि पुष्कळदा ढोलीच फोडतात. म्हणजे पुढच्या वर्षी त्या जागी घरटंच नाही. बाजारात एक मिठू पोचतो तेव्हा वाटेत किती मेले असतील ते मी हातांनी मोजलंय, आकडा इथे लिहीत नाही.

---

मांजलपूरकर | सोमवार, रात्री ९.२५

सगळ्यांचे वेगवेगळे आभार मानत नाही, पण प्रत्येकाचं लिहिलेलं आज घरात मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी दुपारीच त्या गृहस्थांना फोन केला. कागद विचारला. ते म्हणाले, ‘तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता?’ ह्यांनी नको म्हणून सांगितलं.

मुलगा रडला. मी त्याला कायदा वगैरे सांगून पाहिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग आईंनी त्याला आपल्याजवळ बसवलं आणि मिठूची गोष्ट सांगितली. या वेळी पूर्ण. मलाही शेवट माहीत नव्हता. आई आठवीत असताना एका सकाळी मिठू पिंजऱ्याच्या तळाला पडलेला मिळाला. आईंच्या वडिलांनी त्याला परसातल्या पेरूखाली पुरलं आणि पिंजरा भंगारवाल्याला दिला. वाड्यात पुन्हा पक्षी आला नाही. संध्याकाळी थवे जायचे तेव्हा ओसरीवर कुणी थांबत नसे.

मुलाने विचारलं, ‘आजी, थवे अजून जातात का?’

आई म्हणाल्या, ‘बघायला पाहिजे.’

---

रानवाट | सोमवार, रात्री ९.४०

जातात. कमाटी बागेत पोपटांचा रातथारा अजून आहे. मावळायच्या अर्धा तास आधी पोचा. आधी दोन-चार येतात, मग दहा-वीस, आणि अंधार पडायच्या आत झाडं बोलायला लागतात. मोठ्या झाडांपासून थोडं लांब उभे राहा, म्हणजे आकाश दिसेल.

---

मांजलपूरकर | सोमवार, रात्री ९.५०

येत्या रविवारी जातोय. आईंना फार चालवत नाही, कुठल्या बाजूने आत शिरलं तर बरं?

---

दांडियाबाजार | सोमवार, रात्री ९.५५

काळ्या घोड्याच्या पुतळ्याच्या बाजूने या. आत थोडं गेलं की बाकं आहेत. मी साडेपाचला तिथे असेन, आईंना भेटायचंय. त्यांचा वाडा कुठला होता तेही विचारायचंय.

---

सूरसागर | सोमवार, रात्री १०.०२

मी पण येतो. दुर्बीण आणतो मुलासाठी.